परत आलेली पत्रं

रास्मुस, तुझा कोड वाचला.
सुबक आहे, पाणी लावून विंचरलेल्या भांगासारखा.
खोट एकच:
तो कुणालाही नाही म्हणत नाही.

काल हेल्टरमाच्या धक्क्यावर
सातच्या फेरीला लेइदा आली होती,
व्हॅनमध्ये अकरा कोकरं,
फोनवर हिरवी खूण.
आपल्या सर्व्हरनं तिला दोनशे दिला होता,
म्हणजे, झालं.
आणि आत, पाकिटाच्या पोटात,
बारीक अक्षरात: जागा शिल्लक नाही.
आतलं कोण वाचतं?
बोट सुटली. कोकरं धक्क्यावर ओरडत राहिली.
लेइदा मला काही बोलली नाही,
नुसता फोन माझ्यापुढे धरला.

झालं नसेल तर झालं म्हणू नये.
झाकली मूठ सव्वा लाखाची असेल,
पण ती मुठीची गोष्ट आहे, सर्व्हरची नाही.

तुला माहीत नसेल, याआधी मी
कॅर्डलाच्या पोस्टात सव्वीस वर्षं होते.
परत आलेल्या पत्रांची फळी माझ्याकडे.
पत्ता अपुरा.
घर बदललं, नवा पत्ता असा असा.
घेण्यास नकार.
प्रत्येकावर कारण, लाल पेन्सिलीनं.
कारणाशिवाय परत गेलेलं पत्र
हरवलेल्या पत्राहून वाईट,
असं आमचे पोस्टमास्तर म्हणायचे
आणि पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

म्हणून चारशेच्या घरात चूक मागणाऱ्याची,
पाचशेच्या घरात आपली.
आपलं खापर चारशेत नेऊन फोडायचं नाही.
रात्री दोनला डेटाबेस झोपला
तर माणसाला त्याचा पासवर्ड पुन्हा विचारू नये.

चारशे एक विचारतो: कोण आपण?
चारशे तीन म्हणतो: ओळखलं. तरी दार उघडणार नाही.
तुला दोन्ही सारखेच वाटतात.
माझ्या सासूपाशी मी एक हिवाळा चारशे एक होते,
पुढची एकोणीस वर्षं चारशे तीन.
फरक आहे.

आणि समुद्र गोठला, फेरी बंद पडली,
तर पाचशे तीन देऊन गप्प बसू नकोस.
पुन्हा कधी विचारायचं तेही सांग.
जुन्या काळी धक्क्यावर पाटी लावत:
बर्फ. गुरुवारनंतर बघा.
लोक बघत, आणि घरी जात.
एवढंच हवं असतं माणसाला, घरी जायला.

आता शेवटचं.
पास क्रमांक सात हजार तीनशे सोळा.
दर गुरुवारी, एक माणूस, एक सायकल.
एप्रिलमध्ये ती नोंद काढली.
मीच काढली.
पण गुरुवारी पहाटे साडेपाचला
एक फोन अजून तो पास मागतो.
तू त्याला चारशे चार देतोस: सापडत नाही.
फोन बिचारा समजतो, आपलाच आकडा चुकला असेल.
मिनिटानं पुन्हा विचारतो.
पुन्हा.
लॉगमध्ये चाळीस ओळी, एकाखाली एक,
दाराशी घुटमळलेल्या बुटांसारख्या.

यासाठी वेगळा आकडा आहे. चारशे दहा.
होतं. आता नाही. परत विचारू नका.
तो मिळाला की फोन थांबेल,
तसं त्याच्यात लिहिलेलं आहे.

तू म्हणशील, फोन बंदच का नाही करत.
तो माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे.
दर बुधवारी रात्री मी तो चार्जिंगला लावते.

बदल एका ओळीचा आहे, रास्मुस.
लिहून ठेवलाय, चाचण्या पास झाल्यात.
तपासून मंजूर तू कर.
ते बटण माझ्याच्यानं दाबवलं नाही.